ग्रुप प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स करताना या चुका टाळा

पाच जणांनी पाच ठिकाणी स्लाइड्स करायच्या आणि आदल्या रात्री एकाने त्या जोडायच्या, बहुतेक गोंधळाचं मूळ हेच. एकाची फाइल ४:३ मापाची, बाकीच्यांची १६:९. मग जोडताना मजकूर सरकतो, चित्रं ताणली जातात. विषय वाटून घ्या, फाइल मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेवा. एकाने स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यात, फॉन्ट, रंग आणि शीर्षकाची जागा ठरवून द्यावी, बाकीच्यांनी त्यात हात घालू नये.

वर्गातल्या कॉम्प्युटरवर मराठी मजकुराच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसली, तर कोणीतरी युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणारी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि सोबत पीडीएफ प्रतही ठेवा. त्यात अ‍ॅनिमेशन चालणार नाही, पण अक्षरं जागची हलणार नाहीत.

सर्वांत जास्त वेळ आलेखावर द्या, कारण नकळत खोटं बोललं जातं ते तिथेच. समजा, एका वर्गाचे ५० आणि दुसऱ्याचे ५२ गुण आहेत. उभा अक्ष ४८ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो; फरक असतो फक्त ४ टक्के. स्तंभालेख शून्यापासूनच सुरू करा. वर्तुळालेखात सात-आठ तुकडे झाले असतील, तर सरळ स्तंभ काढा. एक्सेलच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट तर नकोच. त्यातले बोलायचे तीन-चार आकडे उचला आणि मोठे लिहा.

शीर्षकं बहुतेक ग्रुप वाया घालवतात. ‘ग्रंथालयाचा वापर’ यातून काहीच कळत नाही. ‘परीक्षेच्या काळात ग्रंथालयात जागा मिळत नाही’ असं लिहिलं की खालचा आलेख कशासाठी आहे ते लगेच कळतं. पूर्ण परिच्छेद मात्र स्लाइडवर नको. लोक तो वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत. लॅपटॉपवर छान दिसणारा फिकट पिवळा किंवा राखाडी रंग प्रोजेक्टरवर उडून जातो, म्हणून शेवटच्या बाकावरून एकदा बघाच. लाल-हिरव्यातला फरक काहींना ओळखू येत नाही. तिथे रंगाबरोबर नावही लिहा.

व्हिडिओ लिंकच्या भरवशावर ठेवू नका, फाइल जवळ असू द्या. आणि स्लाइड कोण पुढे सरकवणार, हे तालमीतच ठरवा.