कार्ड हातात आहे, पण कोणाचं?

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये मी ३१ वर्षं काढली. त्यातली बरीचशी छापून आलेल्या शीट्स तपासण्यात गेली. धागा सरकलाय का, आकडा पुसट आलाय का, शाईचा ठिपका कुठे पडलाय, दिवसभर एवढंच बघायचं. आणि निवृत्तीनंतर तिसऱ्याच वर्षी एका पोराने माझ्या हातात भलत्याच कोणाचं तरी एटीएम कार्ड ठेवलं, ते मी न बघता पाकिटात घातलं आणि भाजी घेऊन घरी आलो. घरात अजून त्यावरून टोमणे बसतात.

झालं ते असं. शनिवार, दुपारची वेळ. बिटको चौकाजवळच्या एका एटीएममध्ये मशीन माझं कार्ड घेईना. मागे उभा असलेला पोरगा म्हणाला, "काका, उलटं घालताय, द्या इकडे." कार्ड घेतलं, घातलं, "आता पिन टाका" म्हणाला. मी टाकला. स्क्रीनवर काहीतरी आलं, पोरगा म्हणाला सर्व्हर डाऊन आहे, कार्ड परत दिलं. निळंच कार्ड, त्याच बँकेचं. पुढे एक वाजून दहा मिनिटांनी दहा हजार गेले, अकराला आणखी दहा, आणि चौदाला चाळीस हजार दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर वळते झाले. तिन्ही मेसेज फोनवर आले होते. फोन पिशवीत, कोथिंबिरीखाली, आवाज बंद.

एक पस्तीसला मी फोन बघितला. तेव्हापासून पुढे जे केलं, जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते सगळं इथे सांगतो.

पहिलं काम कार्ड बंद करणं. मुलाला फोन, जावयाला फोन, शेजाऱ्यांना हाक, हे सगळं नंतर. बँकेचं ॲप असेल तर त्यात कार्डाच्या जागी ब्लॉक करायची सोय असते, दोन बोटांचं काम आहे. माझ्याकडे ॲप नव्हतं, म्हणून नंबर शोधायला गूगल उघडलं, तर सूनबाईने फोन हातातून काढून घेतला. तिचं बरोबर होतं. बँकेच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात, आणि घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. पाकिटातून कार्ड काढलं, उलटं केलं, आणि तेव्हा कळलं की पुढच्या बाजूला एका बाईचं नाव आहे. नंबर मात्र त्याच बँकेचा. चोराने दिलेल्या कार्डावरूनच मी माझं कार्ड बंद केलं. एक एक्केचाळीस झाले होते.

फोनवर जो तक्रार क्रमांक सांगतात तो लिहून घ्या, वेळेसकट. कॅलेंडरच्या मागे लिहिला तरी चालेल, मी तिथेच लिहिला होता. हा आकडा पुढे फार कामाला येतो, कारण तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जो पैसा जाईल, त्याचा भार बँकेवर. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तसं स्पष्ट आहे. तुमची चूक असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

दुसरं काम १९३०. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, देशभर एकच. लाइन लागायला वेळ लागतो, पण सोडू नका. फोन करण्याआधी समोर हे ठेवा: खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक. नंतर मोबाइलवर पोचक्रमांक येतो, तो घेऊन सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार पुरी करायची. ती चोवीस तासांत करा. अर्धवट ठेवू नका.

१९३० वर घाई का, तर त्याचं काम कसं चालतं ते बघा. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार ठिकाणी, आणि कुठेतरी एटीएममधून रोख. तुमची तक्रार ज्या बँकेत पैसा गेला तिच्याकडे जाते, तिथे शिल्लक असेल तेवढी गोठवतात, पुढे गेला असेल तर तक्रार त्याच्या मागोमाग पुढच्या बँकेत. पैसा पुढे आणि तक्रार मागे, अशी शर्यत असते ती. माझ्या चाळीस हजारांतले नऊ हजार तोवर काढून झाले होते, एकतीस हजार एका खात्यात सापडले. ते खातं महिन्याला काही पैसे घेऊन भाड्याने दिलेलं होतं म्हणे. (घरात कॉलेजला जाणारी पोरं असतील तर एवढं सांगून ठेवा: खातं वापरायला देणाराही आरोपी होतो.) गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. माझ्या बाबतीत कोर्टाचा आदेश लागला, पाच महिने गेले.

रोख काढलेल्या वीस हजारांना १९३० चा उपयोग नाही. रोख गेली की गेली. त्यासाठी वेगळं भांडण, ते पुढे सांगतो.

आता सगळ्यात मोठी चूक, जी माझ्या बाजूने होता होता राहिली. शेजारचे म्हणाले, "आज शनिवार, त्यात दुसरा, बँक बंद. सोमवारी सकाळी जाऊ." नको. फोनची लाइन चोवीस तास चालू असते. नियमात कामकाजाचे दिवस मोजतात हे खरं. ज्यात बँकेचीही चूक नाही आणि तुमचीही नाही, अशा फसवणुकीत मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत भार. त्यानंतर बँकेचं धोरण काय म्हणेल ते. पण हे हिशोब तुमच्या आणि बँकेच्या मधले. चोर सोमवारची वाट बघत नाही.

सोमवारी शाखेत मात्र जाच, आणि अर्ज लेखी द्या. काउंटरवर सांगतील, फोनवर तक्रार झाली आहे, परत कशाला? तरी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. आमच्या प्रेसमध्ये सहीशिवाय कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नसे, ती सवय इथे उपयोगी पडली. अर्जात राग काढू नका, पाल्हाळ नको. माझा साधारण असा होता:

"दिनांक अमुक रोजी दुपारी १.१० ते १.१४ या वेळेत माझ्या खात्यातून माझ्या संमतीविना खालील तीन व्यवहार झाले. एटीएम केंद्रात मदतीच्या बहाण्याने माझे कार्ड बदलण्यात आले. पिन मी कोणालाही सांगितलेला नाही. १.४१ वाजता फोनवरून कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक अमुक."

यात एक ओळ राहून गेली, आणि तीच मला वीस हजारांना पडली. "दोन्ही एटीएम केंद्रांचे त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे." ही मागणी मी अकरा दिवसांनी केली. तोवर बँकेचं उत्तर तयार होतं: पिन बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी. खरं तर ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी २०१७ च्या त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यात आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही अर्जात परिपत्रकाची तारीख घाला, समोरच्याचा सूर बदलतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर, फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. वकील लागत नाही, एजंट तर मुळीच नको. मी गेलो, पण मागे उभा असलेला पोरगा पिन बघताना दाखवणारं चित्रण हातात नव्हतं. वीस हजार आले नाहीत.

पोलिसांकडे जाताना ते परकं कार्ड घेऊन जा. आधी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. तो पुरावा आहे, बँकेत जमा करून टाकू नका. पोलिसांना द्या आणि दिल्याची नोंद तक्रारीत करून घ्या.

आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एक फोन येईल. मला आला. "सर, तुमचे रिफंडचे पैसे मंजूर झालेत, एक ॲप टाका." ज्यांनी फसवलं तेच किंवा त्यांचे भाऊबंद. पैसे परत देण्यासाठी कोणालाही ओटीपी, पिन किंवा तुमच्या फोनचा स्क्रीन लागत नाही. फोन ठेवा. उत्तरही देऊ नका.

हे सगळं आग लागल्यानंतरचं. आता मी काय बदललं ते सांगतो.

सौभाग्यवतीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात लावला आहे, गडद लाल. एटीएममधून कार्ड बाहेर आलं की ठिपका बघायचा, नाव वाचायचं, मगच पाकीट. मशीन अडलं तर कार्ड घेऊन बाहेर यायचं, मदत घ्यायची नाही. मदत करणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे. पिन टाकताना दुसरा हात आकड्यांवर आडवा.

पेन्शनच्या खात्याचं कार्डच मी बंद करून टाकलं. दुसरं खातं उघडलं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते बारा-पंधरा हजार सरकवतो, आणि कार्ड, यूपीआय सगळं त्याच खात्याला. फार हुशारीचा उपाय नाही, पण माझ्या मते बाकी सगळ्या उपायांत हाच भारी. गेलं तर तेवढंच जाईल.

बँकेच्या ॲपमधली कार्डाची चालू-बंद बटणं बघा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ऑनलाइन खरेदी, परदेशातले व्यवहार आणि मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं, हे प्रत्येक ग्राहकाला हवं तेव्हा चालू-बंद करता आलं पाहिजे आणि मर्यादाही ठरवता आली पाहिजे. मी परदेशी व्यवहार बंद केले. मला कुठे दुबईला जायचंय? बऱ्याच परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डावर छापलेले आकडेच पुरतात. टेकवून देणंही बंद, कारण त्यात पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. एटीएमची दिवसाची मर्यादा पाच हजार ठेवली. जास्त लागले तर आदल्या दिवशी वाढवायची.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि तुमच्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर काही बँकांत यूपीआयचा पिन नव्याने लावता येतो. म्हणून कार्ड आणि फोन एकाच पाकिटात, एकाच पिशवीत ठेवू नका. त्यावरून आठवलं, फोनवरचं नेटवर्क अचानक गेलं आणि घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला आहे, तर टॉवरला दोष देऊन बसू नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढलं नाही ना, हे कंपनीला विचारा आणि तोवर बँकेला सांगून खातं थांबवा.

अंबडच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याला व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाचं चलन आलं होतं, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. ते चलन नसतं, ॲप असतं, आणि फोनवर येणारे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, वाचतं. लग्नपत्रिकेच्या नावानेही येतं. उद्या सिंहस्थाच्या खोल्यांच्या बुकिंगच्या नावाने येईल. चुकून दाबलं तर आधी फोनचं नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. त्याच फोनवरून पासवर्ड बदलत बसू नका, नवाही त्यांना दिसेल.

बँकेच्या मेसेजचा आवाज मी आता वेगळा लावला आहे. कुकरच्या शिट्टीसारखा. फोन कुठेही असो, ऐकू येतो.

त्या बाईचं काय झालं, हे मी पोलिसांना विचारलं. तिचं खातं माझ्या आधी दोन दिवस रिकामं झालं होतं, आणि तक्रार तिनेही दिली होती. तिच्या पर्समध्ये त्या वेळी कोणाचं कार्ड होतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.