घाटात गाडी दमते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

मे महिन्यात लोक चिखलदरा-पचमढी करून आले की माझ्या गॅरेजवर एकच तक्रार येते, "भाऊ, घाटात गाडी ओढूनच नाही राहिली." आपलं नागपूर सपाट. रोजच्या वाटेत उड्डाणपुलापेक्षा मोठा चढ लागत नाही, म्हणून थकलेला फ्यूल पंप किंवा अर्धा चोक झालेला सायलेन्सर इथे महिनोन्‌महिने खपून जातो. परतवाडा ओलांडून घाट लागला की तो उघडा पडतो. मग घाबरलेला माणूस प्लग, फिल्टर, पंप असं एकेक बदलत सुटतो आणि हजारो रुपये घालवतो. हे मला बघवत नाही, म्हणून क्रमानं सांगतो.

थोडी ताकद कमी होणं स्वाभाविक आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. हवा विरळ होते, आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन तिथे सात-आठ टक्के ताकद गमावतं. त्यात पाच माणसं, सामान आणि एसी. एक गिअर खाली घेतल्यावर गाडी नीट चढत असेल तर तिला काही झालेलं नाही. दुसऱ्या गिअरमध्येही रडत असेल तर पुढचं वाचा.

पहिला प्रश्न असा: ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर गेला का? काटा झपकन चढला, आवाज वाढला, पण वेग तिथेच, तर क्लच प्लेट घसरतेय. जळका वास आला तर शंकाच नको. आउटर रिंग रोडवर मोकळा पट्टा पाहून चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, तिथेही हेच दिसेल. अशा गाडीच्या इंजिनाला कोणाला हात लावू देऊ नका.

काटाच वर जात नसेल तर आधी ब्रेक जॅम आहे का बघा. फिरून आल्यावर प्रत्येक रिमच्या जवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त धग देत असेल तर त्याचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, अडकलाय. गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं की कळतंच.

आता इंजिन. एअर फिल्टर काढून बघणं पाच मिनिटांचं काम आहे. सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ खाल्लेला फिल्टर ठरलेले किलोमीटर पूर्ण व्हायच्या आधीच काळा पडतो. तो बदला, पण फिल्टरशिवाय गाडी कधी पळवू नका.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा, चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी. कोडपेक्षा मला फ्यूल ट्रिमचा आकडा जास्त सांगतो, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. गाडी उभी असताना तो अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि रेस दिल्यावर खाली येतो, तर कुठूनतरी फाजील हवा आत शिरतेय; इनटेकचे पाइप तपासा. उभ्या गाडीवर ठीक पण चढावर वाढत जातो, तर पेट्रोल पुरत नाही. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत लाइनचं प्रेशर ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. हे प्रेशर लोडवर, म्हणजे इंजिनावर जोर असताना, मोजायला सांगा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर थकलेला पंपही बरोबर आकडा दाखवतो. हे काम मेकॅनिकचंच, गरम इंजिनावर पेट्रोलची लाइन घरी उघडू नका. गाडी तापल्यावर दमते आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा बरी चालते, हे पंपाचं ठळक लक्षण. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, म्हणून पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका.

चढावर झटके येत असतील तर मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते पुरवणारी कॉइल कमजोर असेल तर नेमकी तिथे हरते. कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग) आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर बघा.

मिसिंग अंगावर काढू नका, हे मी कळकळीनं सांगतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. मग धूर बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रेस दिली तरी इंजिन एका आकड्यावर अडतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब दिसला तर कन्व्हर्टर चोक आहे. तो महागडा पार्ट आहे, आणि कॉइल तशीच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल.

सीएनजी किट असेल तर तपासणी सोपी होते. त्याच चढावर पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर पिकअप मिळाला तर क्लच, ब्रेक आणि सायलेन्सर बहुतेक ठीक. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचा फिल्टर बघा. सीएनजीवर थोडी ताकद कमी राहणारच.

डिझेलवाल्यांनी धूर बघावा. काळा धूर आणि ताकद नाही, तर टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) होज फाटला किंवा निसटला असेल. सांध्याशी तेलकट डाग दिसतो. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल फिल्टर. बीएस-६ गाडी रोज घर ते ऑफिस एवढीच चालत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरतो. त्याचा दिवा लागला की वर्धा रोडवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगानं न्या, पुढचा घाट तोवर थांबू द्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसून घ्या आणि घरची चार माणसं बसवून रामटेकच्या गडमंदिरावर न्या, स्कॅनर लावलेलाच ठेवून. ट्रिम वाढला नाही, तापमानाचा काटा मध्यावर राहिला, नवा कोड आला नाही, तरच बिल चुकतं करा आणि जुना पार्ट मागून घ्या.