जेनेटिक्स शिकायचंय? आधी दोन नाणी घ्या

मी कॉमर्सवाली. शाळेत मेंडेल आला तेव्हा त्याचं नाव, वाटाण्याचं चित्र आणि ३:१ एवढं पाठ करून मोकळी झाले होते. मागच्या वर्षी भाची दहावीत गेली आणि आनुवंशिकतेचा धडा घेऊन माझ्याकडे आली (तिच्या आईला वेळ नसतो, मावशी मात्र रिकामटेकडी असा घरात ठाम समज आहे) आणि पाचव्या मिनिटाला तिने विचारलं, मावशी, ३:१ म्हणजे नेमकं कोण तीन आणि कोण एक? मला सांगता येईना. मग दोघी मिळून शिकलो, त्यात जे कामाला आलं ते इथे लिहितेय. मोठ्यांनाही चालेल, परीक्षा नसेल तर उलट जास्तच मजा येते.

पहिली गोष्ट, डीएनएपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात, तो पिळाच्या शिडीचा फोटो, मग लांबलचक नावं, मग कंटाळा. मेंडेलला डीएनए हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. तो ब्रनो गावातल्या (आता चेक प्रजासत्ताकात) मठात राहायचा, १८५६ पासून सातआठ वर्षं मठाच्या बागेत वाटाणे लावत आणि मोजत बसला, १८६५ ला निष्कर्ष वाचून दाखवले, कोणी फारसं मनावर घेतलं नाही, तो १८८४ ला वारला आणि लोकांना त्याचं म्हणणं पटलं १९०० साली. डीएनएची रचना कळली १९५३ ला. म्हणजे मधली इतकी वर्षं त्या शिडीशिवायच काम चाललं होतं, मग तुमचं आमचं पहिल्या दोन आठवड्यांचं का नाही चालणार.

तर दोन नाणी घ्या, एक रुपयाचं आणि एक पाच रुपयाचं, म्हणजे ओळखू येतात. रुपया आई, पाचचं बाबा. प्रत्येक माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या (जीन म्हणा, तेच) दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून, आणि मूल होताना त्यातली कुठलीतरी एकच पुढे जाते. कुठली, ते नशीब, म्हणून नाणं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बिघडलेली प्रत असं धरा. दोन्ही एकदम उडवा, जे पडेल ते एक मूल. असं चाळीस वेळा करा आणि वहीत लिहा. खरंच लिहा, मनातल्या मनात करू नका, सगळी गंमत लिहिण्यातच आहे.

हिशोबाने दोन्ही छापा १० वेळा यायला पाहिजे, एक छापा एक काटा २० वेळा, दोन्ही काटा १० वेळा. आमचे आले १३, १९ आणि ८. भाची म्हणाली चुकलं, परत करू. नाही, चुकलं नाही! मेंडेलचे गोल दाणे होते ५४७४ आणि सुरकुतलेले १८५०, भागाकार करून बघा, २.९६ येतो, बरोब्बर ३ त्याचाही आला नाही. आणि तीन कोण, एक कोण ते इथेच कळतं. गोल दाण्याची एक जरी प्रत असली तरी दाणा गोलच दिसतो, त्याला प्रभावी म्हणतात, आणि सुरकुतलेला दिसायला दोन्ही प्रती सुरकुतीच्या लागतात, तो अप्रभावी. म्हणजे गोल प्रतीला छापा आणि सुरकुतीच्या प्रतीला काटा धरला तर दोन्ही छापा आणि एक छापा एक काटा हे सगळे मिळून तीन, दोन्ही काटा तो एक.

मग आम्ही त्या चाळीस मुलांचे चार-चारचे गट पाडले, म्हणजे दहा कुटुंबं. चार कुटुंबांत दोन्ही काटा असलेलं एकही मूल नाही, पाचांत एकेक, आणि एका घरात बिचाऱ्या चारातली तीन! आता हे नाण्यांवरून उचलून विदर्भात किंवा नंदुरबारकडे न्या, कारण तिकडे सिकलसेल (आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार) हा रोज बोलण्यातला शब्द आहे. आई वाहक, वडील वाहक, म्हणजे दोघांकडे एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली, दोघंही एरवी धडधाकट, आणि लोक समजतात की २५ टक्के म्हणजे चारात एक, पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. असं काही नसतं. नाण्याला मागचं आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात परत तेच २५ टक्के आजाराचे, ५० टक्के वाहक, २५ टक्के पूर्ण मोकळं. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या असं सांगतात, पत्रिकेसोबत तेही बघायला काय हरकत आहे. (वाहक असणं म्हणजे आजार नाही हेही तितकंच खरं, उलट वाहकांना लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, आणि म्हणूनच हे जनुक मलेरियाच्या पट्ट्यात टिकून राहिलं.)

नाणी हाताशी आहेतच तर मुलगा-मुलगीचंही करून टाका. आईच्या नाण्याला दोन्ही बाजूंनी एक्स, बाबांच्या नाण्याला एका बाजूला एक्स, दुसऱ्या बाजूला वाय (ही गुणसूत्रं, म्हणजे जनुकं ज्यावर बसलेली असतात ते धागे). दोन एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. उडवा आणि सांगा निकाल कोणाच्या नाण्यावर ठरतोय ते. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांत हा प्रयोग सासऱ्यांकडून करून घ्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

नंतर गुलबक्षी. प्रभावी-अप्रभावी पाठ झालं की डोक्यात बसतं की नेहमी एकच रंग जिंकतो, ते मोडायला हे झाड उत्तम. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पोरं गुलाबी निघतात. लालाला ल, पांढऱ्याला प धरा, ललपासून ल आला, पपपासून प आला, सगळे लप. आता त्या गुलाबीचं गुलाबीशी जमवा आणि चार चौकटी काढा, वर ल प, बाजूला ल प. आत भरलं की लल एक, लप दोन, पप एक, म्हणजे एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. याला पनेट चौकट म्हणतात आणि भाचीच्या पेपरातले निम्मे प्रश्न हिच्यावरच असतात. मेंडेलला १९०० मध्ये परत उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कॉरेन्सने या गुलबक्षीवर पुष्कळ काम केलंय.

अंगणात जागा असेल तर गुलाबी झाडाखाली पडलेलं मिऱ्यासारखं काळं बी गोळा करून लावून बघा. एका फुलाला एकच बी धरतं त्यामुळे भरपूर फुलं लागतात, चारसहा बियांवर हिशोब मांडू नका, आणि शेजारी पिवळी असेल तर सगळा घोळ होतो, पिवळा रंग मध्ये आला की साधी चौकट पुरत नाही. बी विषारी असतं, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. शेतकऱ्यांना हे सगळं तसंही माहीत असतं. हायब्रीड बाजरीचं घरचं बी परत पेरायचं नाही असं माझे आजोबा सांगायचे, का विचारलं तर म्हणायचे फुटतं ते, सारखं येत नाही. फुटतं म्हणजे हेच, लप चा परत लल, लप, पप होणं. मला हा शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा जास्त आवडतो.

तिसरं, घरातले ब्लडग्रुप. ए आणि बी दोघेही प्रभावी, एकत्र आले की दोघेही दिसतात म्हणून एबी, आणि ओ अप्रभावी. म्हणजे ए ग्रुपचा माणूस एए असेल किंवा एओ, बाहेरून कळत नाही, पोरांवरून कधीकधी कळतं. सगळ्यांचे ग्रुप विचारून कागदावर मांडा. आमच्याकडे यात जरा तमाशा झाला. एका मावशीच्या जुन्या कार्डावर एबी आणि तिच्या मुलाचा ओ, आणि चौकट काढली की एबीवाल्या आईला ओ मूल होतच नाही, कारण तिच्याकडे द्यायला ओ प्रतच नाही. भाचीने हे जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. दोन दिवस घरात विचित्र शांतता, मग मावशीने परत तपासलं तर बी निघाला, जुनं कार्डच चुकीचं होतं. तेव्हा ग्रुपवरून कोणाच्या आईबापाचा निकाल लावायला जाऊ नका प्लीज.

कार्ड बरोबर असूनही चकवा होऊ शकतो बरं का. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की जे नेहमीच्या तपासणीत ओ दिसायचं पण ओ रक्तही त्याला चालायचं नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो, त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. मग आत ए-बीचं जनुक असलं तरी दिसायला ओ, आणि मुलाला मात्र ते ए किंवा बी खुशाल पुढे देऊ शकतात. याला जगभर बॉम्बे ब्लडग्रुप म्हणतात, आणि अशा माणसाला रक्त अशाच माणसाचं लागतं. एक जनुक दुसऱ्याचं काम झाकू शकतं हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता वंशावळ काढा, तीन पिढ्या पुरेत. पुरुष चौकोन, बाई गोल, ज्याला ती गोष्ट आहे तो आतून काळा रंगवायचा. लाल-हिरवा रंग नीट न ओळखणारं कोणी घरात असेल तर नशीबवान आहात, शिकण्यापुरतं म्हणतेय. हे जनुक एक्सवर असतं. मुलाला एक्स मिळतो फक्त आईकडून, बाबांकडून वाय, त्यामुळे बापाचं हे रंगांधळेपण मुलाला बापाकडून येऊच शकत नाही, पण मामाला असेल तर भाच्याला असण्याची शक्यता चांगलीच, कारण आजीकडचा तोच एक्स मामाकडेही गेला आणि आईकडेही गेलेला असू शकतो. पोरगं मामाच्या वळणावर गेलंय हे आपण नाकाडोळ्यांवरून उगाच म्हणतो, इथे ते हिशोबाने खरं ठरतं. मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत असलेल्या घरात हीच वंशावळ जरा जपून बघा, एकाच आजीआजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकते.

एक काम मात्र करू नका, जिभेची गुंडाळी. जीभ गुंडाळता येणं म्हणजे एक प्रभावी जनुक असं अजून कुठेकुठे शिकवतात, पण हुबेहूब जुळ्यांत एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही असं दिसलेलं आहे, म्हणजे गोष्ट इतकी सोपी नाही. उंची, त्वचेचा रंग, डायबेटिस यातही पुष्कळ जनुकं आणि वर खाणंपिणं, तिथे चार चौकटी मांडायला जाऊ नका.

एवढं झालं की मग डीएनए, आणि आता तो पटकन जातो. नाण्यावर जे लिहिलेलं होतं ते कशाने लिहिलंय, तर चार अक्षरांनी, ए, टी, जी, सी. माणसाच्या एका संचात अशी साधारण तीनशे कोटी अक्षरं, आणि पेशीत संच दोन, ४६ गुणसूत्रांत गुंडाळलेले, सरळ केले तर जवळजवळ दोन मीटर भरतील. वाचायचं तीन-तीन अक्षरं घेऊन, मध्ये जागा न सोडता. भाचीला मी हे वाक्य दिलं: छगनगरमवरणढवळ. तीन-तीनने तोडा, छगन गरम वरण ढवळ. आता एक अक्षर बदला, छगन गरम मरण ढवळ. वाक्य दिसायला धड, अर्थाची वाट. सिकलसेलमध्ये नेमकं हेच होतं, हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी जीएजीचं जीटीजी होतं, एक अक्षर, आणि रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आता बदलू नका, दुसरं अक्षर काढूनच टाका: छनग रमव रणढ वळ. पुढचं सगळंच घसरलं. भाचीने यावर अर्धी वही भरली, त्यातली काही वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. कुठली तिकडी काय सांगते हे उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल.

आणि शेवटी किचनमध्ये डीएनए काढा. दोनतीन पिकलेल्या स्ट्रॉबेरी घ्या, महाबळेश्वरच्या सीझनला स्वस्त असतात तेव्हा, कारण स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, माल भरपूर निघतो. केळंही चालतं. पिशवीत घालून चांगल्या कुस्करा, अर्धा कप पाण्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण आणि अर्धा चमचा मीठ हलक्या हाताने ढवळून त्यात घाला, फेस आणू नका, दहा मिनिटं ठेवा, मग जुन्या रुमालातून काचेच्या ग्लासात गाळा. साबण पेशीचा चरबीचा पडदा फोडतो, मिठामुळे डीएनएचे धागे एकमेकांना चिकटतात. आता मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाटली घट्ट बंद करून आधीच थंड केलेलं, ग्लासच्या कडेने अगदी हळू सोडा, की ते वर तरंगत राहील. गॅस बंद हवा, हे पेटतं. मी पहिल्यांदा घरात होतं ते जेलवालं सॅनिटायझर ओतलं आणि एक गुलाबी चिकट लगदा तयार झाला, भाची अजून चिडवते. दुसऱ्यांदा बरोबर झालं, दोन थरांच्या मध्ये पांढरं कापसासारखं काहीतरी हळूहळू वर चढायला लागलं, टूथपिकवर गुंडाळून उचललं तर तार आली, शेवयांच्या खिरीत येते तशी. त्यात थोडं पेक्टिनही असतं, म्हणजे सगळंच्या सगळं डीएनए नाही, आणि ती शिडी वगैरे काही दिसत नाही, लाखो धाग्यांचा गुंता दिसतो.

भाचीने उरलेला गाळ चाखायला बोट घातलं होतं. घालू देऊ नका, साबण आहे त्यात.