कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला: या चुका टाळा

कुत्रा मान पुढे ताणून कोरडा, घोगरा खोकतो आणि शेवटी उबळ येऊन पांढरा फेस टाकतो, तेव्हा बहुतेक घरांत 'घशात हाड अडकले' असाच पहिला निष्कर्ष निघतो. मग कोणी तोंडात बोटे घालतो, तर कोणी भाताचा गोळा भरवतो. अडकलेल्या हाडाने सहसा लाळ गळते, गिळता येत नाही आणि कुत्रा पंजाने तोंड घासत राहतो. तसे असल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. परंतु खाणेपिणे व्यवस्थित असेल, पट्टा ओढला की उबळ येत असेल आणि गेल्या दोन आठवड्यांत तो बोर्डिंगमध्ये (कुत्रे सांभाळणाऱ्या केंद्रात) राहिला असेल, तर केनेल कफचाच, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचाच, संशय घ्यावा.

'सगळ्या लसी झाल्या आहेत' हे उत्तरही अर्धवट असते. नेहमीच्या एकत्रित लसीत पॅराइन्फ्लुएन्झा आणि ॲडिनोव्हायरस हे विषाणू येतात, पण या खोकल्यामागचा प्रमुख जिवाणू बोर्डेटेला येत नाही. त्याची लस वेगळी मागावी लागते. इंजेक्शनची लस पहिल्यांदा घेताना 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागत असल्याने, दिवाळीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल तर दसऱ्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. लसीनंतरही खोकला होऊ शकतो, मात्र तो बहुधा सौम्य राहतो.

सर्वांत घातक चूक घरातल्या औषधांच्या डब्यातून होते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात; साखरविरहित सिरपमधील झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्यही तसेच. उरलेले अँटिबायोटिक मनाने देऊ नये, कारण सौम्य आजार बहुधा एक ते तीन आठवड्यांत विश्रांतीने बरा होतो. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरावा आणि धूप-अगरबत्तीचा धूर टाळावा.

खोकला थांबताच सोलापूरच्या संभाजी तलावावर फिरवणे हीदेखील घाईच. आणखी किमान दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात फाटकाबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवणे स्तुत्यच, पण आजारी कुत्र्याला त्यात तोंड घालू देऊ नये.

ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, अन्न सोडणे, झोपेतही मिनिटाला 40 हून अधिक श्वास होणे किंवा नाकातून घट्ट, पिवळा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. लस न झालेल्या पिल्लात हा डिस्टेंपर हा गंभीर विषाणूजन्य आजारही असू शकतो. दवाखान्यात आधी फोन करून कळवावे आणि नंबर येईपर्यंत बाहेर सावलीत थांबावे. बंद गाडीत मात्र मुळीच ठेवू नये.