कोझुमेलमध्ये एक दिवस: आधी घड्याळ, मग बेत

क्रूझ मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर ८ ते ५ थांबणार असेल, तर हातात ९ तास आहेत असं समजू नका. उतरायला अर्धा तास जातो, जहाजावर परतायची वेळ बहुधा सुटण्याआधी अर्धा तास असते, आणि वर तासभर राखीव हवाच. उरले ७.

या ७ तासांत समोरच्या मुख्य भूमीवरच्या तुलुममधले प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष बसवायचा मोह टाळा. मुख्य भूमीवरच्या प्लाया देल कार्मेन गावापर्यंत फेरीबोटीने ४५ मिनिटं, पुढे रस्त्याने तासभर, तितकंच परत. शिवाय फेरीबोटीची वाट पाहणं वेगळं. जायचंच असेल तर जहाजाचीच सहल घ्या. ती उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही थांबत. अवशेषच बघायचे तर बेटावरच सान हेर्वासिओ आहे. सकाळी ऊन चढण्याआधी ते उरका, मग स्नॉर्केलिंग. त्यासाठी पश्चिम किनाराच धरा, पाणी शांत असतं. पूर्वेकडे लाटा आणि ओढ जबर, तिथे फोटो काढा आणि निघा.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. कोझुमेल वर्षभर घड्याळ बदलत नाही; बऱ्याच क्रूझ जिथून सुटतात ते अमेरिकेतलं मायामी मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतं. त्यामुळे उन्हाळ्यात कोझुमेल मायामीहून तासभर मागे असतं. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल आणि फोनने आपोआप स्थानिक वेळ धरली, तर तुमचे साडेतीन म्हणजे जहाजाचे साडेचार! उतरतानाच जहाजावरचं घड्याळ बघून मनगटावरचं जुळवा. टॅक्सीत बसण्याआधी भाडं आणि धक्क्याचं नाव पक्कं करा. इथे क्रूझचे तीन धक्के आहेत.