‘किती’ला इंग्रजीत उत्तर देताना: मेनी, मच, फ्यू, सम आणि त्यांची भावंडे

मराठीत ‘किती’ हा एकच शब्द माणसांना, पाण्याला आणि पैशांनाही पुरतो. ‘थोडा-थोडी-थोडे’ हा शब्द लिंग आणि वचन पाहून रूप बदलतो खरा, पण पुढची वस्तू मोजता येण्याजोगी आहे की नाही, याची चौकशी तो करत नाही. इंग्रजीत ही चौकशी आधी करावी लागते आणि मगच प्रमाण सांगणारा शब्द निवडता येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्याच नव्हे, तर इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्या लेखनातही होणाऱ्या बहुतेक चुका ही पहिली पायरी वगळल्यामुळे होतात.

मूळ वाटणी सोपी आहे. ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘अ फ्यू’ आणि ‘सेव्हरल’ हे शब्द गणनीय, म्हणजे मोजता येणाऱ्या, नामाच्या अनेकवचनाबरोबर येतात, तर ‘मच’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ हे अगणनीय, म्हणजे न मोजता येणाऱ्या, नामाबरोबर येतात. ‘सम’, ‘एनी’, ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘इनफ’ आणि ‘अ लॉट ऑफ’ यांना दोन्ही चालतात. हा तक्ता बहुतेकांना पाठ असतो, तरीही चुका होतात, कारण अडचण तक्त्यात नसून नामांत आहे. आपण तांदूळ निवडतो आणि ते संपतात, केस पांढरे होतात, पैसे पुरत नाहीत. मराठीत ही सगळी अनेकवचने आहेत. इंग्रजीत मात्र ‘राइस’, डोक्यावरचे ‘हेअर’ आणि ‘मनी’ ही अगणनीय नामे असून ती एकवचनी क्रियापद घेतात. ‘हाउ मेनी मनी’ ही चूक मराठी कानाला खटकत नाही, ती याच कारणामुळे. तेथे ‘हाउ मच मनी’ हवे. ‘हाउ मेनी’ वापरायचेच असेल, तर पुढे ‘रुपीज’ किंवा ‘कॉइन्स’ असे मोजता येणारे नाम घ्यावे.

बातम्या, सल्ले आणि सामान यांचेही असेच आहे. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ हे अक्षर असले तरी ते एकवचनीच आहे, ‘अड्व्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ आणि ‘होमवर्क’ यांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. नग मोजायचेच असतील तर ‘टू पीसेस ऑफ अड्व्हाइस’ किंवा ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ अशी रचना करावी. शंका आल्यास इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला शब्दकोश पाहावा. त्यात गणनीय नामापुढे ‘सी’ आणि अगणनीय नामापुढे ‘यू’ या अक्षराची खूण असते. काही नामांपुढे दोन्ही खुणा दिसतात, आणि ती नजरचूक नसते: ‘मच टाइम’ म्हणजे पुष्कळ वेळ, तर ‘मेनी टाइम्स’ म्हणजे पुष्कळ वेळा.

‘मच’बद्दल एक गोष्ट व्याकरणाच्या नियमात बसत नाही, पण लक्षात ठेवलेली बरी. साध्या होकारार्थी वाक्यात, म्हणजे ‘आय हॅव मच वर्क’ अशा ठिकाणी, ते अवघडलेले वाटते. तेथे ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणावे. नकारात, प्रश्नात आणि ‘सो’, ‘टू’, ‘अ‍ॅज’ यांच्यामागोमाग मात्र ‘मच’ सहज येते. आपल्याकडे ‘टू मच’ हे ‘खूपच छान’ या अर्थाने सर्रास बोलले जाते. लेखी इंग्रजीत ‘टू मच’चा अर्थ ‘नको इतके’ असाच होतो, त्यामुळे आभाराच्या पत्रात ते टाळावे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ या जोडीची, कारण येथे चुकलेले वाक्यही व्याकरणदृष्ट्या शुद्धच दिसते, फक्त अर्थ उलटतो. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे चार-दोन माणसे आली, आणि बोलणाऱ्याचे लक्ष आलेल्यांकडे आहे. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारशी माणसे आलीच नाहीत. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांतही हाच फरक आहे: ‘देअर इज अ लिटल मिल्क’ म्हटले की चहापुरते दूध आहे आणि ‘देअर इज लिटल मिल्क’ म्हटले की पंचाईत आहे. निवड करण्यासाठी सोपी कसोटी अशी, की मनातले मराठी वाक्य ‘फारसे… नाही’ असे होत असेल तर ‘अ’ गाळावा आणि ‘थोडे… आहे’ असे होत असेल तर तो ठेवावा. बोलताना ‘नॉट मेनी’ आणि ‘नॉट मच’ अधिक स्वाभाविक वाटतात, आणि चुकण्याचा धोकाही कमी राहतो. ‘क्वाइट अ फ्यू’ मात्र फसवे आहे. त्याचा अर्थ ‘अगदी थोडे’ नसून ‘बरेच’ असा आहे.

होकारात ‘सम’ आणि नकारात व प्रश्नात ‘एनी’, हा शाळेतला नियम अर्धाच आहे. काही देऊ करताना किंवा मागताना प्रश्नातही ‘सम’ येते, जसे ‘वुड यू लाइक सम टी?’, कारण विचारणाऱ्याला उत्तर ‘हो’ येण्याची अपेक्षा असते. उलट, होकारार्थी वाक्यातले ‘एनी’ ‘कोणताही’ हा अर्थ देते: ‘यू कॅन टेक एनी बस’. ‘हार्डली’ आणि ‘विदाउट’ हे शब्द स्वतःच नकार वाहतात, म्हणून त्यांच्यापुढेही ‘एनी’च येते.

‘ऑफ’ केव्हा घालावे, हा प्रश्न पुष्कळांना छळतो. सर्वसाधारण विधान असेल तर ‘मोस्ट पीपल’ म्हणावे. ‘मोस्ट ऑफ पीपल’ हे चूक आहे. विशिष्ट गट डोळ्यांसमोर असेल, म्हणजे नामाआधी ‘द’, ‘दीज’ किंवा ‘माय’ असेल अथवा पुढे ‘देम’सारखे सर्वनाम असेल, तर ‘मोस्ट ऑफ द पीपल हिअर’ किंवा ‘सम ऑफ देम’ असे ‘ऑफ’ लागते. ‘ऑल’ आणि ‘बोथ’ यांच्यापुढे नाम असेल तर ‘ऑफ’ गाळता येते, म्हणून ‘ऑल माय फ्रेंड्स’ बरोबर आहे. याच घरातली, आणि भारतीय इंग्रजीत बहुधा सर्वाधिक आढळणारी, चूक म्हणजे ‘वन ऑफ माय फ्रेंड’. मित्र अनेक आहेत आणि त्यांतला एक, असा अर्थ असल्याने नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी हवे: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नाशिक’.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांच्यापुढे, ‘प्रत्येक’प्रमाणेच, एकवचनी नाम येते. फरक एवढाच, की दोनच वस्तू असतील तर ‘एव्हरी’ चालत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंसाठी ‘ऑन ईच साइड’ म्हणावे. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे बरेच विद्यार्थी, म्हणून पुढे ‘आर’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून पुढे ‘इज’.

राहिला ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चा वाद. गणनीय नामांसाठी ‘फ्यूअर’ बरे, असे मत इंग्रजी भाषेच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये मांडले, आणि या वैयक्तिक पसंतीचा पुढे नियम झाला. त्याआधी शतकानुशतके इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंसाठीही ‘लेस’ वापरत आले होते. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘फ्यूअर मिस्टेक्स’ आणि ‘लेस नॉइज’ असेच लिहावे. अंतर, कालावधी आणि रक्कम यांना मात्र इंग्रजी एकच अखंड राशी मानते, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ आणि ‘लेस दॅन अ हंड्रेड रुपीज’ हे पूर्णपणे शुद्ध आहे आणि तेथे ‘फ्यूअर’ घालणे म्हणजे नियमाचा अतिरेक होय.