हल्क मोठा का सुपरमॅन? हा वाद नीट कसा घालायचा

बेळगावात कॉलेज रोडला चहाच्या गाड्यावर असो नाहीतर खानापूर बसच्या मागच्या सीटवर, दोन कॉमिकवाले भेटले की गाडी "कोण कुणाला हाणेल" यावर येतेच, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. ते नको असेल तर खालच्या क्रमानं जावा.

पहिलं, कुठल्या सालचा हिरो ते ठरवा. आनंदवाडीच्या आखाड्यात जोड लावताना पैलवान कोण, कुठल्या तालमीचा, अंगानं केवढा हे बघतातच की, आणि आपण इथं नुसतं "सुपरमॅन" म्हणून मोकळे होतोय. १९३८ ला ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आला तेव्हा त्याला उडताच येत नव्हतं, साधारण दोनशे मीटर लांब उडी मारायचा, एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात पळायचा आणि तोफेचा गोळा फुटल्याशिवाय त्याच्या कातडीला काय होत नव्हतं, बस्स एवढंच. पुढं १९५०-६० च्या गोष्टींत तोच गडी ग्रह ढकलायला लागला, मग १९८६ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्ननं सगळं नव्यानं मांडून त्याची ताकद बरीच खाली आणली. त्यामुळं साल न सांगता "सुपरमॅन जिंकतो" म्हणणाऱ्याला सरळ थांबवा.

मग पुरावा मागा, आणि तो पानावरचा. व्हिडिओत कुणीतरी म्हणालाय, हे चालत नाही. चित्रात घडलेलं सगळ्यात वर धरा, त्याखाली निवेदनाच्या चौकटीतलं, आणि हिरो नाहीतर व्हिलन स्वतःबद्दल जे फेकतो ते एकदम तळाला, नाहीतर डॉक्टर डूमसारख्या फुशारक्या मारणाऱ्या व्हिलनचं बोलणं खरं धरायचं झालं तर मग वाद कशाला, सगळ्यांनी घरी जावा. हल्क-स्पायडरमॅनवाल्या मार्व्हल कंपनीनं १९८० च्या दशकात अधिकृत हँडबुक काढलं होतं, त्यात स्पायडरमॅन दहा टन उचलतो आणि हल्क क्लास १०० मध्ये, म्हणजे शंभर टनाच्या वर. आकडे बरे आहेत, पण हल्कला लावायला गेलं की फसतात, कारण तो जेवढा चिडेल तेवढी ताकद वाढते, त्याला वरची मर्यादाच ठेवलेली नाही.

स्केलिंग, म्हणजे एका लढतीवरून दुसऱ्याची ताकद काढणं, ते जपून करा. ह्यानं त्याला मारलं, त्यानं तिसऱ्याला मारलं, म्हणून हा तिसऱ्यापेक्षा भारी, ही साखळी दिसायला एकदम लॉजिकल वाटते. पण १९८५ मध्ये स्पायडरमॅननं फायरलॉर्डला लोळवलाय, फायरलॉर्ड म्हणजे ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसचा जुना दूत, अवकाशात फिरणारा. ही एक मारामारी धरून साखळी लावली तर आपला दहा टनवाला अर्ध्या विश्वाला पुरून उरेल. असल्या एकट्यादुकट्या घटना बाजूला ठेवा, जे परत परत दिसतंय तेवढंच मोजा.

आता सिम्बॉलिझम, म्हणजे रंग, वेष, पॉवर यांच्यामागचा अर्थ. इथं आमची पोरं दोन टोकाला जातात, एक म्हणतो सगळ्यालाच अर्थ असतो, दुसरा म्हणतो कशालाच नसतो, गप्प वाच. मला विचाराल तर आधी चौकशी करा की ही गोष्ट मुळात आली कशी. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता, छपाईत तो करडा काय एकसारखा येईना म्हणून लगेच हिरवा केला. म्हणजे "हिरवा म्हणजे निसर्गाचा कोप" वगैरे भाषण ठोकायच्या आधी छापखाना आठवा. पण तिथंच थांबू पण नका, कारण १९८० च्या दशकात करडा हल्क परत आणला आणि त्याला वेगळाच स्वभाव दिला, चलाख, मतलबी. अपघातानं आलेल्या रंगाला नंतरच्या लेखकांनी अर्थ दिला, आणि तो अर्थ खराच धरायचा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ग्रीन लँटर्न, अंगठीतून ताकद मिळणारा हिरो. त्यातला हाल जॉर्डन १९५९ मध्ये आला, अंगठी इच्छाशक्तीवर चालते, आणि पिवळ्या वस्तूवर तिचा काय परिणाम होत नाही. कित्येक वर्षं लोक यावर हसले, एवढा मोठा हिरो आणि पिवळ्या रंगापुढं गार! मग २००४-०५ मध्ये लेखक जेफ जॉन्सनं गोष्ट अशी फिरवली की पिवळा म्हणजे भीती, भीतीचा एक जीवच लँटर्नांच्या अंगठ्यांना ताकद पुरवणाऱ्या बॅटरीत कोंडलेला होता, आणि भीतीवर मात केली की पिवळ्यावर पण अंगठी चालते. बघा, पॉवरचा नियम आणि प्रतीक एकच झालं. आमच्याकडं पिवळा म्हटलं की सौंदत्तीच्या डोंगरावरचा भंडारा डोळ्यापुढं येतो, तो अर्थ इथं लावू नका, कॉमिकनं स्वतः काय सांगितलंय ते बघा. (रंग आणि झेंडे हा विषय आमच्या भागात कुठं जाईल सांगता येत नाही, म्हणून मी कॉमिकपुरतंच बोलतोय.)

म्हणून पॉवरची आणि प्रतीकांची अशा दोन याद्या वेगवेगळ्या करू नका. प्रत्येक पॉवरला विचारा, ही ह्याच्याकडंच का, आणि कधी बंद पडते? १९३८ चा सुपरमॅन मंदीच्या काळातला, बायकोला मारणारा नवरा, भ्रष्ट पुढारी, कामगारांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक असल्यांना धडा शिकवायचा, तेवढ्याला दोनशे मीटरची उडी रग्गड होती. शत्रू आकाशातले झाले तशी ताकद पण वाढली. एवढं कळलं की निम्मं भांडण मिटतं.

मतदान मात्र शक्यतो घेऊ नका. १९९६ ला मार्व्हल आणि सुपरमॅनवाल्या डीसी कंपनीनं दोघांचे हिरो झुंजवले तेव्हा पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर होता, आणि त्यात मार्व्हलच्या वुल्व्हरिननं डीसीच्या लोबोला, म्हणजे अवकाशातल्या जवळजवळ न मरणाऱ्या गड्याला, हरवलं. लोबो ज्यांनी वाचलाय ते अजून चिडून आहेत.

आणि एखादे काका मधेच जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) काढतीलच. काढू देत, हसू नका. त्याला एकही पॉवर नाही, तो एकविसावा वेताळ आहे, पण बापामागून मुलगा तोच वेष घालत आल्यामुळं लोकांना वाटतं हा एकच माणूस आहे आणि मरतच नाही. इथं प्रतीक हीच त्याची ताकद, टनात मोजता येत नाही. त्याला तुमच्या यादीत कुठं बसवणार ते आधी ठरवा, मग हल्कचं बघू.